सतरा किलोंखालची माणसं

पाण्याची टाकी सानिकाने सर्वांत आधी पाहिली. पुढे कितीतरी दिवस तिला लाज वाटत राहिली ती ह्याचीच. चार वर्षांची पोर दिसेना म्हटल्यावर कुणीही रस्त्यावर धावलं असतं. ही गच्चीवर चढली, टाकीचं झाकण उचलून आत वाकली आणि 'जुई' म्हणून हाक मारली. आतून तिचाच आवाज परत आला. मग पलंगाखाली, वॉशिंग मशीनच्या मागे, कपाटात. वीस मिनिटं ती घरातल्या घरात गरगरत राहिली, कारण हातातला फोन शांतपणे सांगत होता: तुमच्या फाटकातून दुपारी दोननंतर कोणीही बाहेर पडलेलं नाही.

आणि फोनवर तिचा विश्वास होता. सगळ्या रेणुकानगरचाच होता.

पाच वाजायला आले तेव्हा फाटकाची कडी वाजली. बाहेर हवालदार मुजावर उभे होते. एका हातात टोपी, दुसऱ्या हाताला जुई. तिचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले.

"गायधनी मॅडम, तुमचा ऐवज घ्या," ते म्हणाले. "नाल्यावरच्या मोरीवर बसली होती. कठडा तुटलाय ना, तिथंच. खडे टाकत होती पाण्यात."

सानिकाने पोरीला उचलून इतकं आवळलं की जुई कळवळली.

"कुणाला विचारून गेलीस? अं? कुणाला विचारून?"

"मीपण तेच विचारलं," मुजावर म्हणाले. "म्हटलं, आईला सांगून आलीस का? तर म्हणते कशी, आई फोनमधून बघते मला."

त्यांनी हसत टोपी घातली आणि कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीकडे वळले. तिथे खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत गस्तीची वही टांगलेली असे. पायी गस्तीच्या हवालदाराने दर फेरीला तिच्यात वेळ घालून सही करायची, ही जुनी पद्धत. सगळं जग पडद्यावर गेलं तरी ती वही खिळ्यावर राहिली होती, आणि तिच्यावरून नगरसेवक विनोद करत.

जुईला खाली उतरवून सानिकाने पुन्हा फोन पाहिला. फाटकाजवळ दोन हिरवे टिपके होते. एक ती, एक दूर चाललेले मुजावर. तिसरा टिपका नव्हताच.

*

हे टिपके दाखवणाऱ्या व्यवस्थेचं नाव 'पदरव'. कासारपूर महानगरपालिकेने ती चार वर्षांपूर्वी आणली, आणि ती आणताना एक फूटही रस्ता खणावा लागला नाही, ह्याचं महापौरांना फार कौतुक होतं. इंटरनेटसाठी काचेच्या तंतूची केबल गल्लोगल्ली आधीच पुरलेली होती. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या खोडी असतात. तंतूत लेसरची एक चमक सोडली की प्रत्येक खोडीवर आपटून तिचा कणभर प्रकाश मागे फिरतो. वर कुणी पाऊल टाकलं की जमीन थरथरते, तंतू केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढा ताणला जातो, आणि मागे येणाऱ्या प्रकाशाची लय बिघडते. तो प्रकाश किती वेळाने परतला ह्यावरून पाऊल कुठे पडलं ते कळतं. थरथर किती मोठी ह्यावरून वजनाचा अंदाज येतो. रस्त्याच्या दर मीटरला जणू एक कान फुटतो.

शिवाय माणसाची चाल त्याच्या आवाजाइतकीच त्याची स्वतःची असते. टाच किती जोरात टेकते, डावं पाऊल किती रेंगाळतं, हे पदरव आठवडाभरात शिकून घेई. ओळखीचं माणूस हिरवा टिपका, अनोळखी पिवळा. कुणी पळायला लागलं, झोकांड्या खायला लागलं किंवा घोळका जमला, की लाल टिपका आणि गल्लीतल्या सगळ्या फोनवर अलार्म. कॅमेरा नाही, त्यामुळे कुणाच्या घरात डोकावण्याची भीती नाही. लोक खूश होते.

आधी संध्याकाळी बाया पायऱ्यांवर बसत, येणाऱ्याजाणाऱ्याला न्याहाळत, 'कुणाची गं पोर तू?' म्हणून हटकत. पदरव आल्यावर ते हळूहळू सुटलं. पायऱ्यांवर बसून डास कशाला चावून घ्यायचे? घरात बसून भाजी निवडता निवडता सगळी गल्ली दिसत होती.

त्या संध्याकाळी जेवताना तिच्या नवऱ्याने, केदारने, सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. पण त्याला प्रत्येक प्रश्न सुटलेला आवडे, तोही वरणभात संपायच्या आत.

"तिच्या हाताला ट्रॅकरचा बँड बांधू," तो म्हणाला.

"ती तो काढून मांजराच्या गळ्यात बांधेल. शेजारच्या अद्वैतने तेच केलंय. त्याची आई दोन तास बोक्यामागे फिरत होती."

"मग तू जरा लक्ष..."

"मी लक्षच ठेवून होते, केदार. तीन वर्षं ठेवतेय. ह्याच्यावर." तिने फोन ताटाशेजारी आपटला.

"तू सारखी घाबरतेस म्हणून तर मी ते सुरू करून दिलं होतं. नाहीतर तू दिवसातून चाळीस वेळा गॅलरीत जायचीस."

"जायचे ना? तेव्हा ती दिसायची तरी."

केदारने ताटाशेजारचा फोन उचलून उलटा ठेवला.

*

सानिकाने संख्याशास्त्रात पदवी घेतली होती. लग्नानंतर ती पदवी बहुतेक दुधाचे कप आणि तापाचे आकडे मोजण्यात गेली असली, तरी तिचं डोकं चालू होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जुईला गल्लीतून चालवलं आणि फोन पाहिला. टिपका नाही. उड्या मारायला लावल्या. एक क्षण काहीतरी चमकून विझलं. जवळूनच एक गलेलठ्ठ काळा कुत्रा चालत गेला. त्याचाही टिपका नाही.

ती थबकली. मग जुईला घेऊन गिरणीत गेली.

"हौसाबाई, हिला जरा काट्यावर बसवू?"

"पोरीला दळायची की काय?" गिरणीवाल्या हौसाबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले. "बसव. गव्हापेक्षा हलकीच भरंल."

चौदा किलो दोनशे. सानिकाने जुईच्या दप्तरात किलोभर गहू भरले आणि तिला बाहेर चालवलं. काही नाही. दोन किलो. काही नाही. मग ओंजळीओंजळीने वाढवत गेली. दप्तर जवळजवळ तीन किलोंचं झालं आणि फोनवर, गिरणीच्या दारापुढे, पिवळा टिपका उमटला. अनोळखी माणूस.

"आई, मी आले?" जुईने विचारलं. तिला हा खेळ वाटत होता.

"आलीस," सानिका म्हणाली.

सतरा किलो. त्याखालचं काहीही पदरवला माणूस वाटत नव्हतं. बालवाडीतली सगळी मुलं, म्हणजे चारशे घरांच्या वस्तीतली साठ-सत्तर पोरं, गेली तीन वर्षं फोनच्या लेखी जन्मालाच आलेली नव्हती. सतरा हा आकडा आपण कुठेतरी पाहिलाय, असं तिला उगाच वाटून गेलं. पण आकडे काय, सगळीकडे असतात.

तिने पदरवच्या मदतक्रमांकावर फोन केला. तिथल्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं, "मॅडम, आपल्या प्रभागात लहान मुलांबाबतच्या घटना शून्य आहेत."

"अहो, तेच सांगतेय. तुमच्या यंत्राला मुलं दिसतच नाहीत."

"बरोबर मॅडम. घटना शून्य. अजून काही मदत करू?"

प्रभाग कार्यालयाने तिला मुख्यालयात पाठवलं, मुख्यालयाने प्रभागात. एका खिडकीवरच्या गृहस्थांनी 'तक्रारीचा प्रकार' निवडायला सांगितलं. यादीत खड्डे होते, डास होते, मेलेली जनावरं होती. तिला हवं ते नव्हतं. "'इतर' मध्ये टाका," ते म्हणाले, आणि 'इतर'चं बटण चालत नव्हतं.

शेवटी ती नगरसेविका शकुंतला बोराडेंच्या घरी जाऊन बसली. बोराडेकाकू पासष्टीच्या, पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आणि अजूनही समोरच्याला वर्गात उभं केल्यासारख्या बघत.

"बरी आलीस," त्या म्हणाल्या. "सोमवारच्या सभेत पायी गस्तच बंद करायचा विषय आहे. कायदा बदलल्यापासून पोलीस ठाणी सरकारची आणि गस्तीचा खर्च आपला. आता म्हणतात, पदरव असताना माणसं कशाला चालवायची? त्या अनुदानातून पदरव नव्या वसाहतींत नेतील. मी विरोध करणार आहे. तू गॅलरीत येऊन बस."

*

सोमवारी सानिका जुईला मांडीवर घेऊन प्रेक्षक गॅलरीत बसली. खाली सभागृहात पंखे, माइक आणि आळस.

"पायी गस्त म्हणजे काय, तर चहाच्या टपऱ्यांची पाहणी!" देसले नावाचे नगरसेवक म्हणाले. हशा झाला.

"पितात चहा," बोराडेकाकू उठल्या. "पण पिताना डोळे उघडे असतात त्यांचे. तुमचे तर सभेतसुद्धा मिटलेले असतात, देसले."

पुन्हा हशा. मग उपायुक्त राजहंस उभे राहिले. मागच्या पडद्यावर आलेख आला. "सन्माननीय सदस्यांच्या माहितीसाठी. पदरव सुरू असलेल्या भागात गेल्या तीन वर्षांत पाच वर्षांखालील मुलांबाबत एकही घटना नोंदलेली नाही. एकही नाही. पायी गस्त ही केवळ भावनेची बाब उरली आहे."

बाकं वाजली. सानिकाला कळायच्या आत ती उभी राहिली होती.

"मुलंच नोंदलेली नाहीत, तर घटना कुठून नोंदणार?"

"ताई, बसा," दाराजवळचा सुरक्षारक्षक म्हणाला. "गॅलरीतून बोलायचं नसतं."

तिने चिठ्ठी लिहून खाली पाठवली. बोराडेकाकूंनी चष्मा लावून ती वाचून दाखवली: सतरा किलोंची मर्यादा, गव्हाचं दप्तर, मोरी, सगळं. सभागृहातल्या काही माना पहिल्यांदाच गॅलरीकडे वळल्या. सानिकाला वाटलं, झालं, आता तरी ऐकतील.

राजहंस मागे वाकून कुणाशी तरी कुजबुजले. एक फाइल पुढे आली.

"ही मर्यादा प्रशासनाने ठरवलेली नाही, महापौर महोदय. नागरिकांच्या मागणीवरून ठेवली आहे. अर्ज वाचतो. 'अलार्मपैकी दहात नऊ भटक्या कुत्र्यांचे असतात. सोबतच्या तक्त्यानुसार सतरा किलोंखालील हालचाल वगळल्यास हा त्रास थांबेल. माझ्या अकरा महिन्यांच्या बाळाची झोप होत नाही, तरी त्वरित कार्यवाही व्हावी. सौ. सानिका केदार गायधनी आणि इतर चौसष्ट रहिवासी.'" त्यांनी गॅलरीकडे पाहिलं. "चिठ्ठीवरही हेच नाव आहे, असं दिसतं."

देसलेंचं हसणं सगळ्यांत आधी आलं. मग बाकीच्यांचं.

सानिकाला ती दुपार जशीच्या तशी आठवली. जुई मांडीवर, कानठळ्या बसतील अशी रडणारी. कुत्र्यांची टोळी गेली की फोन बोंबलायचा, पोर दचकून उठायची. तिने एका हाताने अर्ज टाइप केला होता. कुत्र्यांच्या वजनांचा तक्ता शोधला, सरासरी काढली, वर थोडी सूट ठेवली आणि सतरा लिहिलं. आपली पदवी कामाला आली म्हणून तिला अभिमानही वाटला होता. मांडीवरची पोर तेव्हा साडेआठ किलोंची होती, हे ध्यानातच आलं नाही. आणि पालिकेत कुणी विचारलं नाही की बाई, सतरा का? आकडा होता, तक्ता होता, पासष्ट सह्या होत्या. कुणीतरी तो जसाच्या तसा यंत्रात भरला.

"मग आता खाली आणा ना मर्यादा!" ती ओरडली. सुरक्षारक्षक तिच्याकडे यायला लागला.

"खाली आणली की कुत्री वाजतील, आणि पुन्हा असाच अर्ज येईल," राजहंस अगदी सौम्यपणे म्हणाले. "समिती अभ्यास करेल."

विषय मतास टाकला. बोराडेकाकूंच्या बाजूने नऊ हात वर झाले. उरलेले मोजायची गरजही पडली नाही.

घरी जाताना रिक्षात केदारचा फोन आला. सभेचं प्रक्षेपण ऑफिसात लागलं होतं. "सानिका, तुझं नाव घेतलं ना त्यांनी?" एवढंच तो म्हणाला. "त्या अर्जावर दुसरी सही माझी होती."

*

महिनाअखेरीला मुजावर शेवटची फेरी घेऊन आले. वहीत सही केली, वेळ घातली आणि गिरणीच्या पायरीवर बसले. हौसाबाईंनी चहा दिला.

"घ्या, देसलेसाहेबांच्या नावानं," त्या म्हणाल्या.

"आता पडताळणी पथकात टाकलंय," मुजावर सानिकाला सांगत होते. "चौकीत बसायचं. अलार्म वाजला तरच निघायचं. तेही पायीच बरं का! लाल टिपका लागला तर माणसानं जागेवर चालत जाऊन डोळ्यानं खात्री करायची, असं कलम हाय. गल्लीत गाडी शिरत नाही म्हणून ठेवलंय. पण तुमच्या गल्लीत वाजतो कुठं अलार्म? कुत्री गेली, पोरं गेली, सगळं शांत."

सानिका बशीत चहा ओतता ओतता थांबली.

"लाल टिपका कधी लागतो, मामा? पळालं तर?"

"पळालं, झोकांड्या गेल्या, पाच-सहा जण एकत्र धावले..." मुजावर बोलता बोलता तिच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मी काय बोललो नाही, बरं का."

सोमवारपासून बालवाडी सुटायच्या वेळी रेणुकानगरात एक नवी रीत सुरू झाली. आया सकाळीच पोरांना गिरणीत आणत. हौसाबाई काट्यावर बसवून सांगत, "हा अडीच. हिला चार लागतील, खात नाही काय मेली?" तेवढे गहू दप्तरात. जड दप्तराची मुलं बारा वाजता बाहेर पडली की जी घराकडे पळत, ती डुलत, ठेचकाळत, एकमेकांवर आपटत. पदरवला वाटे, सतरा किलोंहून जड अशी वीस अनोळखी माणसं दारू पिऊन गल्लीत धावतायत. सगळे फोन एकदम किंचाळत.

पहिल्या दिवशी मुजावर आणि दोन शिपाई धापा टाकत आले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी बोराडेकाकूंचा फोन आला.

"अगं, काय चाललंय तुमच्याकडे? राजहंस वैतागलेत."

"काही नाही काकू. मुलं शाळेतून घरी येतायत."

पलीकडून बराच वेळ नुसतं हसू ऐकू आलं.

पण सानिकाला हसू येत नव्हतं. रोज दुपारी जुईच्या खांद्यांवर पट्ट्यांचे दोन लाल वळ उमटत, ती त्यांना खोबरेल तेल लावी. जे डोळ्यांनी बघायचं, ते बघितलं जावं म्हणून चार वर्षांच्या पोरीने तीन किलो गहू वाहायचे. ह्यात जिंकलं कोण, ते तिला कळेना.

दहाव्या दिवशी मुजावर एकटेच आले. खिळ्यावर अजून टांगलेल्या जुन्या वहीत लिहिलं: 'बारा वीस. कारण: मुले.' मग वाकून जुईचं दप्तर काढून स्वतःच्या खांद्याला अडकवलं.

"मॅडम, हे आता चालायचं नाही फार दिवस. पलीकडच्या गल्लीतून अर्ज गेलाय. अलार्म फार वाजतात, मर्यादा पंचवीस किलो करा म्हणून. मंजूर होईल."

"कुणी केला अर्ज?"

"नवीन बाई हायत. सात महिन्यांचं बाळ हाय. झोपत नाही म्हणे."

सानिकाने जुईचं बोट धरलं आणि पलीकडच्या गल्लीकडे निघाली. मोकळ्या पाठीने जुई उड्या मारत होती. वाटेत चारच माणसं भेटली. चौघांच्याही माना फोनमध्ये होत्या.

घर सापडायला वेळ लागला नाही. आतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. तिने बेल वाजवली. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. दार उघडलं नाही. आतली बाई फोन बघत असणार, हे सानिकाला तिथूनही कळलं. तीही अशीच थांबायची.

"कोण?" थकलेला आवाज आला. "एकट्याच आहात ना? एकच टिपका दिसतोय म्हणून विचारलं."

सानिका तोंड उघडणार, एवढ्यात दाराच्या खालच्या जाळीला नाक लावून जुई म्हणाली, "मी पण आहे."